समुपदेशनाकडे माणूस का वळतो?

'समुपदेशन' या शब्दातच 'उपदेश' आहे, आणि तेथेच आपली गफलत होते. उपदेश तर घरीदारी फुकट मिळतो! कार्ल रॉजर्सच्या १९४२ च्या ज्या ग्रंथावर मी वर्गात बोलतो, त्यात सल्ला देण्यापेक्षा ऐकून घेण्यावर भर आहे. पहिल्या भेटीत सांगितलेले कारण बहुधा वरवरचे असते. विद्यार्थी म्हणतो, "सर, डोके दुखते, वाचलेले लक्षात राहत नाही." तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळते, की वडिलांनी कर्ज काढून सायन्सला घातले आहे, आणि त्याला ते झेपत नाही. हे घरी बोलायची सोय नसते. शोक, व्यसन, लग्नाची घाई ही कारणेही अशीच आडवाटेने येतात. जीव नकोसा झाला असेल, तर मात्र पुढच्या भेटीची वाट पाहू नये. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीसुद्धा बोलता येते.