गडाचं चित्र : पाहिलेलं आणि सजवलेलं



चौथीच्या वर्गात ‘पाहिलेला किल्ला काढा’ असं सांगितलं, की बहुतेक वह्यांत एकच चित्र येतं : त्रिकोणी डोंगर, वर बुरूज, त्यावर भगवा. लोहगडाच्या सहलीनंतरही तेच आलं. एकाच मुलाने डोंगराला लांब, सपाट शेपूट काढली होती. मी म्हटलं, “अरे, गड असा आडवा नसतो.” तो म्हणाला, “बाई, तो विंचूकाटा आहे.” त्याचं बरोबर होतं. त्याने गड पाहून काढला होता आणि मी तो खोडायला सांगत होते.

तेव्हापासून हा पाठ मी रॉबर्ट मेलविल ग्रिंडले या माणसापासून सुरू करते. पुढे ग्रिंडलेज बँक ज्याच्या नावाने ओळखली गेली, तोच हा. जन्म १७८६. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत अधिकारी. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही, हात स्वतःच बसवलेला. नोकरीत फिरताना त्याने पश्चिम भारतातली स्थळं रेखाटली. १८२६ ते १८३० या काळात लंडनमध्ये त्यांचा ३६ चित्रांचा संग्रह निघाला. त्यात दौलताबादचा किल्ला आहे, वेरूळ आहे आणि आपला बोरघाटही आहे. काही चित्रं इतर चित्रकारांच्या रेखाटनांवरून केलेली आहेत.

ही चित्रं छापली कशी? तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात ठेवायचा. मेण निघालेल्या जागी आम्ल तांबं खातं. त्या खाचांत शाई भरून ओलसर कागद दाबला, की चित्र उमटतं, तेही उलटं. याला एचिंग म्हणतात. छटांसाठी राळेची पूड वापरली, की ते ॲक्वाटिंट. ग्रिंडलेच्या संग्रहातली चित्रं याच प्रकारची, हाताने रंगवलेली. पत्रे मात्र लंडनच्या कसबी कारागिरांनी कोरले.

आता वर्गात विचारायचा खरा प्रश्न. त्या काळी ‘रमणीय’ दृश्याची फॅशन होती : पुढे काळोखं झाड, इवलीशी माणसं, मागे उजेडात पडका गड. मग चित्रात दिसतं ते सगळं तिथे होतं का? मुलांना एक चित्र आणि त्याच जागेचा आजचा फोटो शेजारी दाखवा. काय सारखं, काय वेगळं, काय सजवलेलं, अशा तीन याद्या करू द्या. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, रेल्वे १८६३ साली. त्यामुळे घाटाच्या चित्रात काय नसेल, हे मुलं आधीच ओळखतात.

कृती : पॅकिंगमधल्या थर्माकोलच्या तुकड्यावर रिकाम्या बॉलपेनने गड कोरा, वर पातळ रंग लावा, कागद दाबा. इथे रेघ पांढरी येते, कारण रंग खाचेत न जाता वर राहतो. एचिंगमध्ये नेमकं उलट. विंचूकाटा दुसऱ्या बाजूला गेला, की मुलं स्वतःच कारण शोधतात.

पालकांना एक विनंती. इंदोरीच्या गढीपाशी जाल तेव्हा फोटो काढण्याआधी मुलाला दहा मिनिटं वही घेऊन बसू द्या. चित्र वाकडं आलं तर खोडरबर देऊ नका. आधी विचारा, “हे तू कुठे पाहिलंस?”