भाकरीच्या जोडीस कडधान्य व पालेभाजी

ज्वारी हे दख्खनच्या पठारावरील कुटुंबांचे जुने अन्न होय. भाकरीने पोट भरते. परंतु प्रथिनांतील लायसीन हा घटक ज्वारीत फार कमी असतो. तूर, मूग, मटकी, हरभरा यांत तो विपुल असतो आणि त्यांत कमी पडणारे मेथिओनीन ज्वारी पुरविते. यास्तव दिवसाच्या आहारात दोहोंचा मेळ असावयास हवा. साधे माप असे : तीन वाटे धान्यास एक वाटा डाळ वा कडधान्य.

अडचण अशी की, कडधान्य पिकविणाऱ्या घरीच ते पुष्कळदा उरत नाही. मळणी होताच माल बाजारात जातो व उन्हाळ्यापर्यंत आमटी पातळ होत जाते. घरातील स्त्री सर्वांमागून जेवते. तिच्या वाट्यास भाकरी, ठेचा व उरलीसुरली आमटी येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन हजार कॅलरींच्या आहारात सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये असावीत. त्यांतील काही भाग अंडी वा मांस यांनी भरून निघू शकतो. या हिशेबाने पाच माणसांच्या घरास वर्षाला सुमारे दीड क्विंटल कडधान्य लागते. लहान शेतकऱ्यास एवढे राखणे जड जाईल. निम्मे राखले तरी पुष्कळ झाले. म्हणून ग्रामसेवकाने हा विषय खळ्यावरच, पोती शिवण्यापूर्वी, घरच्या कर्त्या पुरुषाजवळ काढावा. मागाहून केवळ स्त्रियांना उपदेश करून काय साधणार?

हरभऱ्याचे पीक महिना-सव्वा महिन्याचे झाले म्हणजे फुलोऱ्यापूर्वी शेंडे खुडावेत. त्यामुळे फांद्या अधिक फुटतात व घरास भाजी मिळते. ती सावलीत वाळवून उन्हाळ्यासाठीही ठेवता येते. औषध फवारलेल्या शेतातील शेंडे मात्र खाऊ नयेत.

पाककृतीचे प्रात्यक्षिक अंगणवाडीत बचतगटाच्या भगिनींकडूनच, घरोघरी असते त्याच सामग्रीत करवावे. मटकीस मोड आणल्याने तिच्यात क जीवनसत्त्व वाढते. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तीतील लोह अंगी अधिक लागते. जेवणासोबत चहा घेतल्यास कमी लागते. दूध-ताक वगळण्याचा सल्ला कोणी देऊ नये, कारण बी-१२ जीवनसत्त्व भाजी-डाळींतून मिळत नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी घरच्या सासूबाईंनाही अगत्याने बोलवावे. पुष्कळ घरांत डाळीचा डबा त्यांच्याच ताब्यात असतो.