मागच्या दाराची कडी

आपल्या हॉस्टेलला पुढे वॉचमन आहे, रजिस्टर आहे, वेळेचं बंधन आहे. तरीही रात्री साडेअकराला माणसं आत येतातच, कारण मागच्या दाराची कडी आतून कुणीतरी काढून ठेवलेली असते! कॉम्प्युटरमधलं बॅकडोअर म्हणजे नेमकं हेच. कुलूप कुणी फोडलेलं नसतं. आतल्याच कुणीतरी दार उघडलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तो 'कुणीतरी' म्हणजे आपणच.

माझ्या रूममेटचंच घ्या. प्रोजेक्टसाठी त्याने एका सॉफ्टवेअरचा क्रॅक उतरवला. सोबतच्या फाइलमध्ये लिहिलं होतं, आधी अँटिव्हायरस बंद करा. साहेबांनी केला. सॉफ्टवेअर मस्त चाललं, त्यामुळे सगळी विंग खूश. पंधरा दिवसांनी त्याच्या ई-मेलचा पासवर्ड कुणीतरी बदलला. त्याने खटपट करून अकाउंट परत मिळवलं, नवीन पासवर्ड टाकला. दोन दिवसांत तोही गेला. मग तिसरा, चौथा. बिचारा प्रत्येक नवा पासवर्ड त्याच लॅपटॉपवर टाइप करत होता आणि आत बसलेला पाहुणा प्रत्येक बटण टिपून घेत होता. याच गडबडीत इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूचा मेल आला, तो याने बघायच्या आत डिलीटही झाला. इंटरव्ह्यू हुकला तो हुकलाच. आणि अँटिव्हायरस परत चालू केल्यावरही म्हणत होता, सगळं ठीक आहे! कारण त्या क्रॅकने आख्खा सी ड्राइव्ह एक्स्क्लूजनच्या यादीत टाकून ठेवला होता. म्हणजे चोर जिथे, तिथे बघायचंच नाही.

हा प्रकार काही नवा नाही. १९९८ मध्ये बॅक ऑरिफिस आणि नेटबस ही दोन नावं गाजली. दोन्हींची रचना सारखी: एक छोटा 'सर्व्हर' तुमच्या मशीनवर, आणि त्याला हुकूम सोडणारा 'क्लायंट' दुसऱ्याकडे. मित्राचा सीडी ड्राइव्ह दुरून उघडायचा आणि हसायचं, अशी गंमत. पण १९९९ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात कायद्याच्या एका अभ्यासकाच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर नेटबस वापरून लहान मुलांची सुमारे साडेतीन हजार अश्लील चित्रं टाकली गेली. सिस्टिम अ‍ॅडमिननी ती पाहिली, आणि त्यानेच उतरवली असं धरून चालले. त्याचं पद गेलं, नाव छापून आलं, देश सोडावा लागला. कोर्टाने निर्दोष ठरवलं ते २००४ च्या शेवटी. पाच वर्षं! 'माझ्या लॅपटॉपवर चोरण्यासारखं आहे काय?' असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. घेऊन जायलाच येतात असं नाही, ठेवून जायलाही येतात.

त्या काळातली बॅकडोअर्स एक पोर्ट उघडून वाट बघत बसायची. बॅक ऑरिफिसचा ३१३३७, नेटबसचा १२३४५. फायरवॉल आल्यावर बाहेरून येणाऱ्याला गेटवरच अडवलं जाऊ लागलं. म्हणून आता उलटं चालतं: आतला प्रोग्रॅमच बाहेर फोन लावतो, तोही पुष्कळदा ४४३ पोर्टवरून, जिथून आपलं रोजचं ब्राउझिंग जातं. वॉचमनला वाटतं, आतलाच मुलगा पाहुण्याला घेऊन येतोय.

संशय आला तर पहिलं काम, नेट तोडा. वाय-फाय बंद, लॅनची वायर बाहेर. तोडण्याआधी मिनिटभर वेळ असेल तर कमांड प्रॉम्प्टवर 'नेटस्टॅट' ही कमांड 'एएनओ' ऑप्शन लावून चालवा. कोणतं कनेक्शन कुठे जातंय आणि त्यामागच्या प्रोसेसचा नंबर काय, ते दिसतं. तो नंबर टास्क मॅनेजरमध्ये जुळवा. फाइल सापडली म्हणून नुसती डिलीट करून भागत नाही. रजिस्ट्रीच्या 'रन' कीमध्ये, सर्व्हिसेसमध्ये किंवा टास्क शेड्यूलरमध्ये तिला पुन्हा उठवणारी नोंद असते. मायक्रोसॉफ्टचं 'ऑटोरन्स' हे फुकट टूल या सगळ्या जागा एकत्र दाखवतं. एक्स्क्लूजनची यादीही रिकामी करा, आणि मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. तो विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो, म्हणून लपून बसलेल्याला लपायला जागा कमी.

पण माझं मत विचाराल तर एवढ्यावर समाधान मानू नका. ज्याच्या हातात आख्खं मशीन होतं, त्याने तुमच्या टूल्सनाही खोटं बोलायला लावलेलं असू शकतं. केन थॉम्प्सनने आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवलं होतं, की बॅकडोअर कंपायलरमध्येच लपवलं तर सोर्स कोड वाचूनही ते सापडत नाही. तेव्हा सरळ फॉरमॅट! इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर बनवा. सगळी पार्टिशन्स उडवा. त्याआधी फक्त डॉक्युमेंट्स आणि फोटो काढून घ्या, एकही ईएक्सई नको. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून, आणि ई-मेलचा सर्वांत आधी, कारण बाकीच्यांचे रीसेट तिथेच येतात. सोबत 'सगळ्या डिव्हाइसमधून साइन आउट' हेही दाबा. ब्राउझरमधलं चालू लॉगिन चोरलेलं असेल तर चोराला पासवर्डच काय, ओटीपीसुद्धा लागत नाही.

रूममेटचा आख्खा रविवार यात गेला, मेसचं फीस्टसुद्धा हुकलं. संध्याकाळी बघतो तर क्रॅकची सेटअप फाइल त्याने पेन ड्राइव्हवर जपून ठेवलेली! ती मी त्याच्यासमोर उडवली. पण तिच्या कॉपीज अजून निदान तीन खोल्यांत आहेत, हे मला पक्कं माहीत आहे. दुसऱ्या मजल्यावाल्यांनो, तुमच्याबद्दलच बोलतोय.