मापाचं जुनं ब्लाऊज

पन्नाशीजवळची बाई शिवायला ब्लाऊज टाकते, तेव्हा माप द्यायला उभी राहत नाही. पिशवीतून जुनं ब्लाऊज काढते. "याच्यावरून शिवा अक्का, नि थोडं ढिलं ठेवा." ते ब्लाऊज दहा वर्षांपूर्वीचं, दोन्ही बाजूंनी उसवून वाढवलेलं, आतली माया संपलेली. आम्ही नामदेव शिंपी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, तमिळ, दखनी. बंगळुरूच्या शिवाजीनगरात तीस वर्षं टेप गळ्यात घालून बसलेय, त्यामुळे बायकांची अंगाची लाज मला लांबून ओळखू येते. स्वतःची मात्र मी सहा वर्षं लपवली.

धाकटा पावणेचार किलोचा. त्याच्या वेळेपासून जोरात शिंकलं की दोन थेंब गळायचे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पाळी गेली आणि दोन थेंबांवर भागेना. कंबर सुटली, पोट पुढे आलं. मला वाटलं, सगळा दोष पोटाचाच. वहिनीला एकदा चाचरत सांगितलं, तर म्हणाली, "बाईच्या जातीला असतंच गं." पुढं जे काही चुकलं, त्याची सुरुवात या वाक्यापासून.

ऑगस्टात आमच्याकडे भगव्या कापडाची रीघ लागते. सेंट मेरी बॅसिलिकाची जत्रा 29 ऑगस्टला झेंडा चढवून सुरू होते ती 8 सप्टेंबरपर्यंत, आणि भाविक बायका भगव्या साडीत येतात. त्या गर्दीत बाहेरच्या लोकांसमोर नीट दिसावं म्हणून मी एक पोटाचा पट्टा आणला. रबरी, आकड्यांच्या दोन रांगांचा. तो आवळून रसेल मार्केटात गेले, सुक्या मिरच्यांच्या दुकानापाशी आले, आणि ब्याडगीच्या धुरळ्यानं एकामागून एक तीन शिंका आल्या. साडी मागून भिजली. हातातली पिशवी मागे धरून, भिंतीला पाठ लावत घरी आले. त्यानंतर गडद रंगाचीच साडी, आत जुन्या लुगड्याच्या घड्या, आणि बाहेर जायचं असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी बंद. 11 जून 2023ला कर्नाटक सरकारची 'शक्ती' योजना आली, बायकांना बस फुकट झाली. बहिणी म्हैसूरला, धर्मस्थळाला जाऊन आल्या. मी घरात. पाणी तोडल्यानं लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला, तेव्हा कुठं डॉक्टरीणबाईंची पायरी चढले.

त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्या मुलीनं मला माझ्याच भाषेत समजावलं: "अक्का, पिशवीची नाडी सैल झालीय आणि तुम्ही पिशवी वरून दाबताय. माल खालूनच येणार ना?" कंबरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी ताणलेली असते, तिच्यावर मूत्राशय आणि गर्भाशय टेकलेले. बाळंतपणात ती ताणली जाते. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, तिथलं अस्तर पातळ पडतं. माझा पट्टा तिच्यावरच भार टाकत होता.

ती झोळी घट्ट करायच्या व्यायामाला पैसा लागत नाही. अर्नॉल्ड केगल या अमेरिकी डॉक्टरांनी 1948 साली तो मांडला. वारा रोखताना आणि लघवी अडवताना जे आवळतं, ते दोन्ही एकदम आवळून वर ओढायचं, काही सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पुरतं सोडायचं. पोट, मांड्या मोकळ्या, श्वास चालू. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, कमीत कमी तीन महिने. लघवी करताना धार तोडून सराव करू नका. मी सुरुवातीला तेच करत होते. पहिला महिनाभर मी चक्क श्वासच रोखत होते आणि काही होत नाही म्हणून चिडत होते. एकदा कुणा जाणकाराकडून बरोबर जमतंय का ते तपासून घ्या, हे त्यासाठीच सांगतेय. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. माझा सराव मशीनवर झाला, हेम घालता घालता.

पाणी पुन्हा सुरू केलं. दिवसाचे पाच चहा दोनवर आणले. हाडांसाठी रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे शिजवलेले गोळे, होतेच. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. खुर्चीवरून हात न टेकता उठबस करते, मांड्यांना जोर आला. पोट? ते आहे तसंच आहे. पाळीनंतर चरबीला पोटाचीच ओढ असते, आणि मला आता त्याचं फार काही वाटत नाही.

काही गोष्टी व्यायामावर सोडू नका. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एकदा जरी डाग दिसला, तरी लगेच डॉक्टर. अंग बाहेर येतंय असं वाटलं, खाली काही ओढल्यासारखं झालं, तरी तेच. कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, यावर कमी मात्रेचं हॉर्मोनचं मलम मिळतं. ते डॉक्टरांनाच विचारून, आणि आधी स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तो सांगून. नवऱ्यालाही सांगा. माझ्या नवऱ्याला वाटत होतं, मी त्याच्यावर रुसलेय.

आता कुणी जुनं ब्लाऊज पुढं केलं की मी ते बाजूला ठेवते, पडदा ओढते आणि टेप घेते. हात वर करताना कुणी मांड्या घट्ट जुळवून उभी राहिली, तर मी हळूच विचारते, "शिंकल्यावर होतं का?" परवा एकीनं उत्तर दिलं नाही. माप झाल्यावर ती पैसे मोजत बसली, दोनदा मोजले, आणि मग म्हणाली, "हसल्यावर पण होतं, अक्का." मी मशीनजवळची दुसरी खुर्ची तिच्याकडे सरकवली.