रानचुका ओळखायचा कसा? परतवाड्यातली कृती

बाजारातला आंबटचुका (रूमेक्स व्हेसिकॅरियस) आणि नदीकाठचा रानचुका (रूमेक्स डेंटेटस) एका वंशातले. पानांवर जाऊ नका, खरी ओळख फळात आहे. दहापट भिंग, चिमटा, आलेख-कागद आणि पेन्सिल घ्या, चला!

१. फेब्रुवारी-मार्चमधला दिवस निवडा. नुसती हिरवी फुलं असतील तर परत फिरा, फळ तपकिरी हवं.

२. सापन किंवा बिच्छन नदीच्या ओलसर गाळावर शोधा. नाही सापडला तर ओलिताच्या गव्हाचा बांध बघा, पण शेतमालकाला विचारूनच.

३. खोडाचं पेर न्याहाळा. पेराभोवती पातळ, कागदासारखं वेष्टन दिसलं पाहिजे. ते जून झाडावर फाटतं, म्हणून कोवळ्या पेरावर पाहा.

४. जमिनीलगतचं एक पान तोडा. आपल्याकडे मार्चच्या उन्हात हीच पानं आधी करपतात, आणि मग त्यांचा आकार कळत नाही.

५. फळांचा तुरा कापा.

६. लगेच चिठ्ठी बांधा: तारीख, जागा, झाडाची उंची. घरी गेल्यावर लिहू म्हटलं की घोटाळा झालाच!

७. चिमट्यानं एक फळ सुटं करा. बी तीन पडद्यांत गुंडाळलेलं असतं. ओढू नका, पडद्याची कड तुटते.

८. पडद्याच्या एका कडेचे दात मोजा. ठळक दोन ते चार दात निघाले तर रानचुका. कड सपाट, पडदा गुलाबी, जाळीदार आणि सेंटिमीटरभर मोठा असेल, तर तो आंबटचुका. टोकाशी आकड्यासारखे वळलेले दात रूमेक्स नेपालेन्सिसचे, तो डोंगराळ थंड भागातला.

९. पडद्यांवरच्या फुगीर गाठी बघा. रानचुक्यात बहुधा तिन्ही पडद्यांवर असतात. एकच पडदा पाहून थांबू नका.

१०. आलेख-कागदावर पडदा ठेवून लांबी, रुंदी आणि दाताची लांबी मोजा. रुंदी मोजताना दात सोडून द्या. इथंच बहुतेकांचं चुकतं.

११. हेच आणखी नऊ फळांवर करा. कंटाळा येईल, येऊ द्या. एकाच झाडावर लांब-आखूड दात सापडतात, म्हणून एका फळावर उपजात ठरत नाही.

१२. चिठ्ठीवर उपजातीचं नाव पेन्सिलीनं लिहा. भारतातला रानचुका बहुतेक क्लोट्झशियानस या उपजातीत धरतात.

१३. तुरा आणि पान रद्दीच्या घडीत दाबा. रद्दी रोज बदला, नाहीतर बुरशी धरेल.

१४. वाळलेला नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहातल्या नमुन्याशी ताडा. जुळला, की पेन्सिलीवर पेन फिरवा.

तुलनेसाठी बाजारातली जुडी आणू नका, तिला फळंच नसतात. भाजीवाल्या माळ्याकडून बियाण्याला ठेवलेला तुरा मागा. आणली असेलच जुडी, तर शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून फोडणी द्या. नदीकाठचा रानचुका मात्र कढईपासून लांब ठेवा, त्या गाळात गावाचं काय काय वाहून येतं!