पुराची रेघ आणि भिंतीतली ओल

सांगलीत कृष्णेचा पूर आयर्विन पुलावर मोजला जातो. तेथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानला जात असताना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. ते ओसरल्यावर भिंतींवर राहिलेली गढूळ रेघ हीच नुकसानीची सीमा समजली गेली, आणि चूक नेमकी तिथे झाली. विटा, त्यांमधले सांधे आणि गिलावा यांच्या बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर चढते, ज्यास केशाकर्षण म्हणतात. त्यामुळे ओल रेघेच्या वरपर्यंत पोहोचलेली असते, आणि भिंत हाताला कोरडी लागली तरी तिचा गाभा पुढे कित्येक आठवडे ओलाच राहतो.

त्या वर्षी गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला, म्हणजे पूर ओसरल्यावर जेमतेम तीन आठवड्यांनी आली. गणपती रंगवलेल्या घरात बसावेत ही इच्छा समजण्यासारखी असली, तरी ओल्या भिंतीवर दिलेला ऑइलपेंट किंवा चढवलेली पुट्टी आतल्या पाण्याची वाट बंद करते. मग लोणा फुटतो, पोपडे सुटतात आणि भिंतीला टेकलेल्या प्लायवूडच्या कपाटामागे बुरशी वाढते. ओल्या वस्तूवर बुरशी एक-दोन दिवसांतच धरू लागते आणि तिचे बीजाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे प्रजननकण, हवेतून श्वासात जाऊन दमेकऱ्यांचा त्रास वाढवतात. द्राक्षाच्या पानावरची भुरी ही बुरशी लांबून ओळखणाऱ्या तासगावकडच्या घरांतही कपाट मात्र भिंतीपासून वीतभर पुढे ओढून पाहिले जात नाही.

रंगाआधी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूस थेंब दिसले, तर ओल आतून येत आहे असे समजावे आणि रंगाऱ्याला परत पाठवावे. फुगलेला गिलावा खरवडून काढावा. बुरशी कोरडी झाडू नये, कारण झाडल्याने बीजाणू घरभर पसरतात. मास्क लावून ती ओल्या फडक्याने पुसावी. ब्लीचिंग पावडर वापरताना तिच्यात संडास धुण्याचे अॅसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. मेलेली बुरशीही अॅलर्जी करते, म्हणून ती मारून वर रंग फासणे हा उपाय नव्हे.

सातारा जिल्ह्यातील पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला पूर नसतानाही भिंती पावसाळाभर अशाच ओल्या असतात. तेथील माती-चुन्याच्या जुन्या भिंती ओल शोषतात आणि उघडीप मिळताच सोडतातही. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, हे अशा घरांच्या दुरुस्तीत हमखास विसरले जाते.

अशा दमट घरात स्वयंपाकघरातील धोका भिंतींतल्या ओलीहून छुपा असतो. दमट भुईमुगावर वाढणारी अॅस्परजिलस फ्लेवस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते; ते यकृतास घातक असून धुण्याने किंवा नेहमीच्या भाजण्याने नाहीसे होत नाही, त्यामुळे बुरसट शेंगदाण्यांतले चांगले दिसणारे निवडून कुटात घालणे ही काटकसर महागात पडते. धान्यात किडीसाठी ठेवल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर ओलाव्याशी संयोग पावून फॉस्फिन हा प्राणघातक वायू सोडतात. सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, उतरण्यापूर्वी तोंड उघडे ठेवून आत पेटता कंदील सोडण्याची जुनी रीत होती, कारण प्राणवायू कमी असल्यास तो विझतो. परंतु फॉस्फिन कंदिलाने कळत नाही, उलट हा वायू ज्वलनशील आहे. पुराचे पाणी शिरलेल्या कोठीत अशा गोळ्या असल्याची शंका असेल, तर तेथे दिवा नेऊ नये, दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे.