भातखाचरातील जीवाणू आणि संगणकावरील ताळेबंद

उचगावच्या भातखाचरात पावसाळ्यात पाय रोवला की चिखलातून बुडबुडे वर येतात. पाण्याखालच्या त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. तरीही तेथे श्वसन चालूच असते. जगभरच्या भातखाचरांत आढळणारे ‘जिओबॅक्टर’ जीवाणू ॲसिटेटचे ऑक्सिडीकरण करतात आणि सुटलेले इलेक्ट्रॉन पेशीबाहेरील लोहाच्या संयुगांना देतात. लोहाऐवजी ग्रॅफाइटचा विद्युदग्र ठेवला, तर तोच प्रवाह तारेतून वाहू लागतो. क्रेब्स चक्र घोकताना हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते!

यांपैकी ‘जिओबॅक्टर सल्फररिड्यूसेन्स’चा जनुकसंच २००३ साली प्रसिद्ध झाला. २००६ मध्ये राधाकृष्णन महादेवन, डेरेक लव्हली व सहकाऱ्यांनी त्याच्या चयापचयाचे संगणकीय प्रारूप मांडले. पद्धत आपणां डॉक्टरांना परकी वाटू नये. वॉर्डातील इनटेक-आउटपुट चार्टचीच ती थोरली बहीण. जनुकांवरून विकरे आणि विकरांवरून रासायनिक अभिक्रिया ठरवायच्या, पेशीतील प्रत्येक पदार्थ जितका तयार होतो तितकाच खर्च होतो असे गृहीत धरायचे, आणि उरलेल्या शक्यतांतून सर्वाधिक वाढ देणारी वाट संगणकाला शोधू द्यायची.

या हिशेबाने एक कोडे उलगडले. फ्यूमरेटच्या तुलनेत लोहावर जगताना या जीवाणूची वाढ कमी का होते? ॲसिटेटच्या एका रेणूमागे आठ इलेक्ट्रॉन पेशीबाहेर जातात, प्रोटॉन मात्र आत उरतात. फ्यूमरेटच्या क्षपणात ते पेशीतच वापरले जातात. लोहाच्या बाबतीत तशी सोय नाही. म्हणजे एक प्रकारचा ॲसिडोसिसच, आणि त्याची किंमत एटीपीत मोजावी लागते.

मला अधिक मोलाचा वाटतो तो २००८ चा प्रयोग. श्वसनाचा वेग वाढवायचा कसा, या प्रश्नाला प्रारूपाचे उत्तर विचित्र होते : एटीपीची उधळपट्टी करा. त्यानुसार एटीपी फोडणारा विकराचा भाग जीवाणूत मुद्दाम निर्माण करण्यात आला. एटीपीचा साठा निम्म्याहून खाली गेला, श्वसन वेगावले, वाढ मंदावली. मला डायनायट्रोफिनॉल आठवले. १९३० च्या दशकात अमेरिकेत हे औषध वजन घटविण्यासाठी दिले जाई. रुग्ण बारीक होत, आणि काही जण भडकलेल्या तापाने दगावत.

प्रारूपाचे भाकीत खरे ठरले खरे, पण सायटोक्रोमसारख्या काही प्रथिनांची जनुकेही त्या जीवाणूत अधिक कार्यरत झालेली आढळली. त्या बदलांची नोंद संगणकाच्या चार्टात कोठेच नव्हती.